पोरांना आपलं लहानपण कसं सांगायचं आणि त्यांचं कसं ऐकायचं

माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. तिला आत्ता आत्तापर्यंत मी कधी लहान होते हे खरंच पटत नव्हतं. जुना फोटो दाखवला की "हो, ही तू" म्हणायची, पण पाढे म्हटल्यासारखं. आणि यात तिची काही चूक नाही, कारण आपण आपलं लहानपण पोरांना कधी सांगतो तर त्यांना काहीतरी ऐकवायचं असतं तेव्हा. आमच्या वेळी आम्ही चालत शाळेत जायचो, आम्हाला वर्षाला दोनच ड्रेस असायचे, आम्ही ताटात एक शीत टाकत नव्हतो. हे ऐकून पोराला काय कळणार, तर हा माणूस लहान असतानासुद्धा मोठ्यांसारखाच शहाणा होता, म्हणजे आपल्यासारखा नव्हताच.

तर गेल्या वर्षभरात आमच्या घरी आम्ही हे जरा वेगळ्या पद्धतीने करून बघितलं, त्यातून जे जमलं ते इथे लिहितेय. कोणाला उपयोग झाला तर बघा.

सुरुवात फजितीपासून करा. आणि वय जुळवा, हे फार महत्त्वाचं आहे. मूल आठ वर्षांचं असेल तर तुम्ही आठ वर्षांचे असतानाचं काहीतरी शोधा, कॉलेजचे किस्से आत्ता नकोत. आमच्याकडे झालं असं की हिने जूनपासून तिसरी पाण्याची बॉटल हरवली आणि विचारलं तर म्हणे मैत्रिणीकडे राहिली, उद्या आणते, आणि असे चार दिवस गेले. मला कळत होतं की ही खोटं बोलतेय. ओरडायला तोंड उघडलं होतं पण त्या दिवशी का कोण जाणे मला माझी छत्री आठवली. मी तिसरीत असताना माझ्या मावशीची निळी घडीची छत्री मी कुठेतरी विसरले आणि घरी सांगायची इतकी भीती वाटली की आठ दिवस "दप्तरात आहे" असं सांगून भर पावसात भिजत शाळेत गेले, येताना कोरडी दिसावी म्हणून शेजारच्यांच्या ओट्यावर बसून फ्रॉकचं टोक पिळायचे. एवढंच सांगितलं. ती माझ्याकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "मग कळलं का आजीला?" मी म्हटलं, कळलं, ताप आला तेव्हा. बस, पुढे काही बोलले नाही. भाजी निवडत राहिले. पाचेक मिनिटांनी तिने आपणहून सांगितलं की बॉटल स्कूल बसमध्ये राहिलीये आणि बसमधले काका मोठ्याने बोलतात म्हणून तिला मागायची भीती वाटतेय.

इथे एक गोष्ट सांभाळायची. किस्सा झाल्यावर "म्हणून नेहमी खरं बोलावं" हे वाक्य तोंडावर येतंच, ते गिळायचं. ते बोललात की मुलाला कळतं की हा सगळा किस्सा म्हणजे आमिष होतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही "मी लहान होते ना तेव्हा..." म्हणालात की ते पोर तिथून उठून जाईल. मी आधी हे खूपदा केलंय त्यामुळे मला माहितेय.

किस्सा छोटा ठेवा, तीन-चार मिनिटांचा. एकच वस्तू, एकच प्रसंग. आमचं बालपण किती रम्य होतं वगैरे मुलांना काही दिसत नाही, पण फ्रॉकचं टोक पिळलं की गुडघ्यावर गार पाणी पडायचं हे दिसतं. वास सांगा, काय टोचत होतं ते सांगा, कोणाची भीती वाटत होती ते सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, मुलांना ते चालतं. अगदी लहानपणचं तर कोणालाच आठवत नाही, बहुतेक माणसांची पहिली आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते, त्याआधीचं आपण जे सांगतो ते बऱ्याचदा घरच्यांकडून ऐकलेलं असतं. हे मी हिला सांगितलं तेव्हा तिला केवढं नवल वाटलं, मग दोन दिवस ती स्वतःची पहिली आठवण शोधत होती.

आता बसायचं कुठे. समोरासमोर खुर्चीत बसवून "चल आता बोलूया" असं केलं की मूल गप्प होतं, मोठी माणसंसुद्धा होतात. हाताला काम पाहिजे आणि नजर त्या कामावर पाहिजे. मटार सोलणं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या, स्कूटरवर मागे बसवून नेणं, रात्री लाईट गेलेली असताना गॅलरीत बसणं. आणि जमलं तर तुम्ही त्यांच्या जागेवर जा. आपल्याकडे हे फार मोठ्या माणसांनी फार आधी करून दाखवलंय. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळ बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, तेव्हा आसपासच्या गरीब वस्तीतली मुलं शाळेपर्यंत येत नव्हती, तर यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला आहे. पुढे कोसबाडला तर गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरतायत तिथेच शाळा. मुलं का येत नाहीत म्हणून त्यांना नावं ठेवत बसल्या नाहीत, ती कुठे आहेत ते बघितलं. मला जेव्हा जेव्हा वाटतं की ही माझ्याशी बोलतच नाही तेव्हा मी कुरणशाळा आठवते आणि ती जिथे असेल तिथे जाऊन बसते, मग ते पलंगाखाली का असेना.

एक प्रयोग तर नक्की करा, पाच मिनिटं लागतात. आपल्याच स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसा. चार वर्षांचं मूल साधारण १०० सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे त्याचे डोळे ९० च्या आसपास, आणि आपला ओटा ८०-८५ चा. तिथून बघा. कढईत काय आहे ते दिसत नाही, कढईचं बूड आणि कान दिसतात. ओट्यावर कडेला ठेवलेली सुरी अगदी नाकासमोर येते. आणि मग घरातल्या कोणालातरी समोर उभं राहून तुमच्याशी जरा चढ्या आवाजात बोलायला सांगा. मला माझ्या नवऱ्याचं नाकाचं टोक, हनुवटीची खालची बाजू आणि ट्यूबलाईट एवढंच दिसलं. त्याने गंमत म्हणूनच आवाज चढवला होता पण माझ्या पोटात गोळा आला. तेव्हापासून काही गंभीर बोलायचं असेल तर आम्ही दोघंही आधी खाली बसतो.

आता आजी-आजोबांकडे वळू, कारण खरी खाण तिथे आहे. मुलांना आईबाबांपेक्षा आजी-आजोबांना लहान कल्पना करणं आणखी अवघड जातं, पण एकदा दार उघडलं की मग थांबत नाही. सुट्टीत करा, घाईत नको. आधी मोठ्यांशी वेगळं बोलून ठेवा, कारण त्यांना नातवंडं दिसली की संस्कार आठवतात. मी वडिलांना, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एवढंच म्हटलं की आबा, तिला तुमचं कौतुकाचं नका सांगू, तुम्हाला कोण ओरडायचं ते सांगा. ते हसले आणि म्हणाले हे कोण विचारतं.

प्रश्न मात्र मुलाला विचारू द्या. आपण विचारलं की ती मुलाखत होते आणि आबांसारखी माणसं एकदम ताठ होऊन सन-सनावळी सांगायला लागतात. मुलांचे प्रश्न वेडेवाकडे असतात आणि म्हणूनच चांगले असतात. तुम्ही अंथरुणात शू केलेली का? तुमचा सगळ्यात नावडता मित्र कोण? रात्री कशाची भीती वाटायची? तुमचे बाबा तुम्हाला आवडायचे का? हा शेवटचा प्रश्न मी माझ्या वडिलांना चाळीस वर्षांत विचारू शकले नाही, तिने चिंच फोडता फोडता विचारला.

हो, आम्ही चिंच फोडत होतो. गेल्या मे महिन्यात, माहेरी, तासगावच्या बाजूला आमचं गाव आहे तिथे. सोप्यात पोतं पसरून टरफलं काढायची, शिरा काढायच्या, चिंचोके वेगळे करायचे, बोटं काळी आणि चिकट झालेली त्यामुळे कोणाचाही हात मोबाईलला लागत नव्हता, हेही बरंच झालं. आबांनी सांगितलं की ते नऊ-दहा वर्षांचे असताना आईने त्यांना रॉकेल आणायला पाठवलं, एका हातात गळ्याला सुतळी बांधलेली बाटली आणि दुसऱ्या मुठीत चार आणे. वाटेत बोळात पोरं गोट्या खेळत होती. एकच डाव म्हणून बसले आणि उठताना मूठ रिकामी. तिथे आमची पोरगी मध्येच म्हणाली, आणे म्हणजे काय? मग ते थांबून समजावून सांगितलं की रुपयाचे सोळा आणे असायचे, १९५७ मध्ये नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर पैसे झाले, तरी लोक पंचवीस पैशांना चार आणेच म्हणायचे, आणि ते पंचवीस पैशांचं नाणंसुद्धा २०११ च्या जूनअखेर बंद झालं, म्हणजे तिच्या जन्माच्या कितीतरी आधी. असं मध्येच तुटलं तर तुटू द्या. "आधी आबांना बोलू दे" म्हणून तिला गप्प करू नका, माहिती तिथेच मुरते.

तर चार आणे हरवले. आबा मारुतीच्या देवळामागे अंधार पडेपर्यंत बसून राहिले. त्यांची आई शोधत आली, घरी नेलं. घरात दिवा नव्हता, चुलीच्या उजेडात जेवणं झाली. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, काही बोलले नाहीत. मारलं नाही, ओरडले नाहीत. तीन दिवस बोललेच नाहीत. आबा म्हणाले, "मारलं असतं तर बरं झालं असतं बाळा."

मी हातातली चिंच तशीच धरून बसले होते. कारण माझे वडील माझ्यावर रागावले की असेच गप्प व्हायचे, दोन दोन दिवस, आणि मी लहानपणी कितीतरी रात्री हा विचार करून रडले आहे की मी त्यांना आवडत नाही. त्यांना ते कुठून आलं होतं हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेसुद्धा मी विचारलं नव्हतं. मला खूप काही बोलावंसं वाटत होतं पण पोरीला त्या गप्प बसण्याशी काही देणंघेणं नव्हतं, तिचा प्रश्न वेगळाच, "मग ते चार आणे गेले कुठे?" आबा म्हणाले, काय माहीत, दुसऱ्या दिवशी सगळा बोळ हाताने चाचपला, नाही मिळाले. अजून तिथून जाताना नजर खाली जाते. संध्याकाळी दोघं दूध आणायला गेले आणि मी गॅलरीतून बघितलं तर दोघंही खाली बघत चालले होते.

म्हणून सांगते, मूल विचारेल ते विचारू द्या. आपल्याला जे मोठं वाटतं ते त्याला वाटेलच असं नाही आणि त्याच्या प्रश्नाने समोरचा माणूस मोकळा होतो.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारून करा, फोन उलटा ठेवा म्हणजे कोणाचं लक्ष जात नाही, पंखा बंद ठेवा नाहीतर नुसती घरघर ऐकू येते, आणि फाईलला लगेच नाव आणि तारीख द्या. बाकी त्यात विशेष काही नाही.

याचा खरंच काही फायदा होतो का असं नवऱ्याने विचारलं होतं. अमेरिकेत अटलांटाला एमरी युनिव्हर्सिटीमध्ये मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी वीस प्रश्नांची यादी केली होती, आजी-आजोबा कुठे वाढले माहितेय का, आईबाबा कसे भेटले, तुझं नाव कशावरून ठेवलं, आईबाबांना लहानपणी काय आजार झाले, अशी. ज्या मुलांना जास्त उत्तरं माहीत होती ती स्वतःबद्दल जास्त खात्रीने उभी होती असं त्यांना दिसलं. पण लगेच ती यादी प्रिंट करून मुलांकडून पाठ करून घेऊ नका, कृपा करून. ड्यूक यांनीच लिहून ठेवलंय की नुसती उत्तरं माहीत असण्यात जादू नाही. ती उत्तरं पोचायला घरात कोणीतरी सांगत बसलेलं असतं आणि कोणीतरी ऐकत बसलेलं असतं, खरं काम ते करतं.

दुःखाचं सांगावं का हा प्रश्न येतोच. माझ्या आईला सातवीनंतर शाळेतून काढलं, धाकटा भाऊ सांभाळायला. तिने ते नातीला सांगितलं तेव्हा नातीने विचारलं, "मग तू नाही का नाही म्हणालीस?" आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, नाही म्हणता येतं हेच माहीत नव्हतं गं. मला वाटतं सांगावं, सांगणाऱ्याला सांगायचं असेल तर. फक्त रात्री झोपायच्या आधी नको, आणि शेवट आजच्या दिवसापाशी आणून सोडा, की बघ आता मी इथे तुझ्याजवळ आहे. माराचे किस्से मात्र जपून. आपल्याकडे गुरुजींनी कसं फोडून काढलं हे खूप अभिमानाने सांगतात आणि शेवटी "म्हणून तर आम्ही घडलो". मूल त्यातून एवढंच घेतं की मारणं बरोबर असतं. शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, हे मुलालाही माहीत असू दे. मार खाल्ला असेल तर दुखलं होतं आणि लाज वाटली होती असं सांगा, ते खरं असतं.

आता उलट बाजू, ऐकायचं कसं. "आज शाळेत काय केलं?" याचं उत्तर "काही नाही" हेच येणार. बारीक विचारा. आज डब्यातलं कोणी खाल्लं? बेंचवर शेजारी कोण होतं? आज कोणी रडलं का? आणि एक प्रश्न दोनदा विचारू नका, यामागे एक भारी प्रयोग आहे तो सांगते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ पियाजे मुलांसमोर दोन ओळींत सारखेच मणी मांडायचे, मूल म्हणायचं सारखे आहेत, मग एक ओळ ताणून लांब करायची आणि पुन्हा विचारायचं, तर लहान मुलं म्हणायची लांब ओळीत जास्त. निष्कर्ष असा की त्यांना अजून कळत नाही. मग १९७० च्या दशकात एडिनबरामध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी तेच केलं, पण ओळ मोठ्या माणसाने न हलवता एका खोडकर टेडीने येऊन विस्कटली. तर कितीतरी जास्त मुलांनी सांगितलं की सारखेच आहेत! म्हणजे मुलं मण्यांसोबत आपल्यालाही वाचत असतात. मोठ्या माणसाने मुद्दाम हलवलं आणि परत विचारलं म्हणजे आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार, असं त्यांना वाटत असावं. आता विचार करा, आपण "नक्की? खरं सांग. नक्की ना?" असं तीनदा विचारतो तेव्हा मूल खरं काय ते सांगायचं सोडून आपल्याला काय हवंय ते शोधायला लागतं.

मुलाने विश्वासाने सांगितलेलं चारचौघात सांगू नका. हे मी हात जोडून सांगते. आपल्याला ते गोड वाटतं, पाहुण्यांना सांगून हसायला येतं, व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकावंसं वाटतं. मी चौथीत असताना निबंधात मनापासून लिहिलं होतं की मला मोठेपणी विहीर व्हायचंय कारण विहिरीत सगळे डोकावतात, आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला, सगळे हसले, बाई पण हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला आता कळतं. पण त्यानंतर मी निबंधात मोठेपणी डॉक्टर व्हायचंय असंच लिहिलं, दहावीपर्यंत.

आणि बोलता बोलता मुलाने असं काही सांगितलं की कोणी नको तसा हात लावला, धमकी दिली, तर तिथे आपले किस्से बंद. घाबरलेला चेहरा करू नका, "तू सांगितलंस हे चांगलं केलंस, यात तुझी चूक नाही" म्हणा, खोदून खोदून विचारू नका आणि मदत घ्या. १०९८ ही चाइल्डलाइन चोवीस तास चालू असते.

शेवटचा भाग मला स्वतःला सगळ्यात अवघड गेला. मुलाला विचारायचं की मी तुला कशी दिसते. वर्षातून एक-दोनदा पुरे. आणि विचारायच्या आधी मनाशी ठरवायचं की उत्तराला उत्तर द्यायचं नाही, "अगं पण मी दमलेली असते ना" हे तर अजिबात नाही. मी त्या चिंचेच्या पोत्यावरच विचारलं, आबा आणि आई उठून गेल्यावर, आम्ही दोघीच उरलो होतो. मला वाटलं ही म्हणणार तू ओरडतेस. ती चिंचोके मोजत मोजत म्हणाली, "तू फोनवर दुसऱ्या लोकांशी बोलतेस ना, हां बोला ना, हो हो काही हरकत नाही, असं. तो आवाज मला पण पाहिजे."

मी म्हटलं बरं. तिने माझ्या पुढ्यातले चिंचोके ओढून घेतले आणि पुढचे मोजायला लागली.